हेमराजने दिलेली सीट

एप्रिलमधल्या एका सकाळी नानाजी दोनाडकर आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले होते आणि बांबूच्या काडीनं सीटबेल्टच्या बक्कलमधून खर्रा उकरून काढत होते. गाडी त्यांनी निवृत्तीनंतर वडशाच्या एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली होती. त्याची माणसं मागं बसून खर्रा खात, आणि बक्कलची खाच म्हणजे थुंकायची जागा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं असावं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं आत वाळून दगड झालं होतं. गरम पाणी सोडलं की काळपट लाल चिखल वर यायचा आणि त्याचा वास सुटायचा. मग नानाजी उतरून कुंपणापर्यंत जायचे, दोन श्वास घ्यायचे आणि परत येऊन उकरायला लागायचे.

"आपलं लेकरू बसनार आहे इथी," ते मला म्हणाले. "आन यायनं मोरी करून ठेवली."

त्यांच्या भिंतीला लागूनच माझं घर आहे. कुरखेड्यात नानाजींना ओळखत नाही असा माणूस विरळा. सत्तावीस वर्षं त्यांनी सरकारी रुग्णवाहिका चालवली. बाळंतिणी, सर्पदंश, झाडावरून पडलेले, अस्वलानं फाडलेले, सगळ्यांना त्यांनी गडचिरोलीपर्यंत, कधी नागपूरपर्यंत नेलं. गाडी आतून ते स्वतः धूत. रक्त धुताना त्यांचा चेहरा कधी बदलला नाही. बदलायचा तो माणसांच्या वागण्यानं. नातेवाईक रस्त्यात गाडी थांबवून खर्रा घोटायला सांगत, तेव्हा त्यांना शिसारी यायची.

त्यांची मुलगी मंजुषा चंद्रपूरला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. जावई अंकुश वीज केंद्रात. दोघांच्याही पाळ्या. त्यांची लेक दिव्यानी त्या महिन्यात दोन वर्षांची झाली होती. ठरलं असं, की दर महिन्यातले दहा दिवस दिव्यानी कुरखेड्याला राहील आणि आजी-आजोबा तिची ने-आण करतील. चार तासांचा रस्ता, त्यात नागभीडपासून मूलपर्यंत बरंच जंगल. मंजुषानं फोनवर एकच अट घातली.

"बाबा, तुमच्या गाडीत तिची स्वतःची सीट पायजे. माह्या गाडीतली तुमच्या जुन्या गाडीत बसत नाई. सीट नसन तं मी पोरगी देत नाई."

नानाजींच्या बायकोला, शकुबाईंना, हे लागलं. "पोरगी देत नाई म्हनते. माह्या मांडीवर बसन ना ते. तुले मी मांडीवरच वाहाडवलं."

फोन ठेवल्यावरही त्या बराच वेळ बोलत होत्या. नानाजी ऐकत राहिले. मग त्यांनी सत्तावीस वर्षांत घरी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. वडसा रोडवर एक गाडी झाडाला लागली होती. वेग फार नव्हता, चाळीस असेल. बाप पुढं बसला होता, दीड वर्षाचं लेकरू मांडीवर. बापाला खरचटलंसुद्धा नाही.

"लेकरू त्याच्या आन डॅशबोर्डच्या मधात आलं," नानाजी म्हणाले. "बाप मले म्हने, मी घट्ट धरलं होतं जी. घट्टच धरलं होतं त्यानं. त्याचंच वजन पडलं लेकरावर."

शकुबाई उठून आत गेल्या. मांडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं चंद्रपूरला गेले. जटपुरा गेटच्या आत लहान मुलांच्या सायकली, पाळणे विकणारं एक दुकान आहे. दुकानदारानं एक फुगीर कापडी वस्तू काढली. सीटच्या पाठीला दोन पट्ट्यांनी बांधायची, मध्ये लेकरू अडकवायचं. वर अस्वलाचं चित्र.

"सगळे हेच नेतात, काका. डॉक्टर लोक सुद्धा."

नानाजींनी पट्टा जिथं शिवला होता तिथं अंगठ्याचं नख घातलं आणि ओढलं. शिवण करकरत दोन बोटं उसवली.

"हे काय धरन?"

दुकानदार त्यांच्या हातातून वस्तू काढून घेत म्हणाला, "तुम्ही ओढायलेच बसले तर कोणतीबी फाटन. लेकरू एका जागी बसते, अजून काय पायजे. कोणी पोलिसानं विचारलं तं दाखवाले होते."

नानाजी पायऱ्या उतरले. मागं येणाऱ्या शकुबाईंना ते म्हणाले, "दाखवाले होते म्हनते. मेलेलं लेकरूबी दाखवाले होते." असलं अभद्र बोलू नका म्हणून शकुबाई रागावल्या, पण गाडीपर्यंत ते तेच पुटपुटत होते. त्यांनी त्या दुकानातून काहीच घेतलं नाही.

हेमराज हा नानाजींच्या थोरल्या भावाचा मुलगा. मोहर्लीला त्याच्या दोन मोठ्या गाड्या आहेत. नागपूरच्या विमानतळावरून पाहुणे आणायचे, ताडोबा दाखवायचा, परत सोडायचे. धंदा चांगला चालतो. काका चंद्रपुरात सीट शोधताहेत हे त्याला कळलं तसा त्याच दुपारी त्याचा फोन आला.

"काकाजी, विकत काऊन घेता? माह्याकडे फॉरेनची आहे. एक गेस्ट ठेवून गेला. घेऊन जा."

नानाजींनी विचारलं, "ठेवून काऊन गेला?"

"विमानात कोन वाहते जी एवढं मोठं."

उत्तर पटण्यासारखं होतं. चंद्रपूरला आलेच होते, म्हणून ते तसेच मोहर्लीला गेले. हेमराजनं सीट पुसून, अत्तर मारून तयार ठेवली होती. करड्या रंगाची, जड, उंच कडांची. नानाजींनी उचलून पाहिली, पट्टे ओढून पाहिले. घट्ट वाटले. शकुबाईंनी मंजुषासाठी घरचा तांदूळ आणला होता, त्यातला थोडा हेमराजच्या बायकोच्या हातात दिला आणि हेमराजच्या पाठीवरून हात फिरवला. पुतण्यानं जाण ठेवली, एवढं त्यांना पुरेसं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी चारदा तरी त्याचं नाव काढलं.

दोन दिवस सीट गाडीतच राहिली. एप्रिलचं ऊन, काचा बंद. तिसऱ्या दिवशी नानाजींनी दार उघडलं आणि नाकाला हात लावला. अत्तर उडून गेलं होतं आणि त्याच्याखालचं वर आलं होतं. नासलेलं दूध, ओकारी, आणि आणखी काहीतरी.

त्यांनी सीट अंगणात आणली आणि कापड सोडवलं. मी भिंतीवरून पाहत होतो. कापडाखालचा फोम पिवळा पडला होता. कडेला बिस्किटाचा लगदा, त्यात मुंग्या. मेलेलं झुरळ. एका बाजूनं तपकिरी डाग खालपर्यंत ओघळलेला होता. मी म्हटलं, "चहा सांडला असेल." नानाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तो रंग त्यांनी आयुष्यभर धुतला होता.

मग त्यांनी सीट उलटी करून हलवली. फटीतून काहीतरी खडखडत फरशीवर पडलं. हिरवट काचेचे दाणे, खडीसाखरेएवढे. गाडीच्या बाजूची काच फुटते तेव्हा तिचे असे दाणे होतात. नानाजींनी ते तळहातावर घेतले. नंतर, ज्या खाचेतून गाडीचा बेल्ट जातो तिथं त्यांनी बोट फिरवलं. प्लास्टिकवर एक पांढरी रेघ होती, बोटाएवढी लांब. वाकून पुन्हा सरळ झालेल्या प्लास्टिकवर उमटते तशी. खांद्याच्या पट्ट्यांचे धागे एका जागी ताणून चमकत होते.

त्यांनी सीट खाली ठेवली, नळावर जाऊन साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग हेमराजला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. शकुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हेमराज, ही सीट कोनत्या अपघातातली?"

 हेमराज म्हणाला, "कोनं सांगतलं जी तुमाले?"

"सीटनं सांगतलं."

"आगरझरीच्या वळनावर सांबर आडवं आलं होतं. डिसेंबरमधी. गाडी झाडाले घासली. मोठं काई नाई."

"लेकराचं?"

"वाचलं ना जी. नाक फुटलं, हात मोडला थोडासा. सीटनंच वाचवलं. म्हनून तं म्हनतो, चांगली आहे."

"एक डाव वाचवलं, हेमराज. तिचं काम झालं. आता ते आतून तुटली आहे. दुसऱ्या डावाले नाई धरत." नानाजी हे फार शांतपणे बोलले. "डिसेंबरपासून आतापर्यंत कोन बसत होतं तिच्यात?"

"आता काकाजी, गेस्टच्या लेकराले लागते. मागतात ते लोक."

"म्हंजे बसवले तू."

"कवर धुतलं होतं."

"मंग मले काऊन देली?"

हेमराज इथं खोटं बोलू शकला असता. कदाचित त्याला ते लपवण्यासारखं वाटलंच नसेल. "गेस्ट वासाची कम्प्लेंट करून राह्यले होते," तो म्हणाला. "म्हटलं फेकाच्या परिस घरच्या मानसाच्या कामी येईन."

नानाजींनी फोन बंद केला. शकुबाई म्हणाल्या, "म्या त्याच्या पाठीवरून हात फिरवला," आणि तो हात त्यांनी लुगड्याला पुसला.

त्या दुपारी नानाजी जेवले नाहीत. रागानं नाही. रागाला त्यांच्याकडे इलाज होता, आरडाओरड करून तो संपायचा. हे वेगळं होतं. मेलेल्या उंदराचा वास घरात कुठून तरी येतो आणि उंदीर सापडत नाही, तसं काहीतरी. पुतण्या वाईट नव्हता. लहानपणी त्यांच्याच घरी राहून शिकला होता. त्याला फक्त त्या सीटमध्ये लेकरू दिसत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी त्यांनी विळा घेतला आणि सीटचे पट्टे एकेक करून कापले. नंतर करवतीनं प्लास्टिकचे चार तुकडे केले. मी म्हटलं, "भंगारवाला घेऊन जाईल, तसंच द्या." ते म्हणाले, "तो जोडून इकन. कोनीतरी घेईन." घामानं निथळत त्यांनी परसातल्या खड्ड्यात तुकडे टाकले आणि माती ओढली.

सीट तोडल्याचं कानावर गेलं तसा दोन दिवसांनी थोरल्या वहिनींचा, हेमराजच्या आईचा फोन आला. वच्छलाबाई. नानाजींचं लग्न त्यांनीच जमवलं होतं.

"भाऊजी, नको होती तं वापस द्याची. तोडून टाकाचं काय काम? माह्या पोरानं प्रेमानं देली."

"वहिनी, तुमच्या पोरानं तुटकी सीट लोकायच्या लेकराच्या खाली ठेवली. मले त्याचं तोंड पाहाचं नाई."

"तुमी भाऊ-भाऊ आता एका चुलीवरून उठले समजा," वच्छलाबाई म्हणाल्या. मे महिन्यात त्यांच्या घरी लग्न होतं, त्याची पत्रिका नानाजींना आली नाही.

सीट मात्र अजून मिळाली नव्हती. शेवटी मंजुषानं सुट्टी काढली आणि तिघं नानाजींच्याच गाडीतून नागपूरला गेले. दुकान मोठं होतं, सीटाच सीटा. मंजुषानं लेकीचं वजन-उंची कागदावर लिहून आणली होती. अकरा किलो. तिचं म्हणणं होतं, पोरगी अजून लहान आहे, मान नाजूक आहे, म्हणून तोंड मागच्या काचेकडं राहील अशीच सीट हवी. दुसरं, ती साध्या सीटबेल्टनं बसली पाहिजे. आणि एकदा बसवली की तिथंच राहिली पाहिजे, म्हणजे काढ-घाल करताना चूक होणार नाही.

विक्रेत्यानं सगळ्यात महाग सीट पुढं केली. नानाजी म्हणाले, "आधी माह्या गाडीत लावून दाखव." त्यानं तोंड वाकडं केलं, पण खाली आला. जुन्या गाडीचा मागचा बेल्ट आखूड निघाला. सीटला वळसा घालून बक्कलपर्यंत पोचेचना, चार बोटं कमी पडत होती.

"सरळ पुढं तोंड करून लावा," विक्रेता म्हणाला. "काही फरक पडत नाही."

"तुले काई फरक पडत नाई," नानाजी म्हणाले. "दुसरी आन."

दुसरीला बेल्ट पुरला. मंजुषा खूश झाली. तेवढ्यात शकुबाईंनी बक्कलचं लाल बटण दाबून पाहिलं आणि हात मागं घेतला. त्यांच्या बोटांचे सांधे सुजतात. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मूठही नीट वळत नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बटण हललं नाही.

"मले नाई निघत," त्या ओशाळून म्हणाल्या. "हे चालवतात. लेकराले काहाडाचं तं मले हाय."

विक्रेता हसला. "आजी, थोडा जोर लावा. ताकद संपली का?"

मंजुषा काही बोलायच्या आत नानाजी म्हणाले, "या हातानं तीस वर्स रोवनं केलं. हसू नको. हलक्या बटनाची आन." मग त्यांनी शकुबाईंना खुर्ची आणवली आणि एकामागून एक सीट त्यांच्यापुढं ठेवायला लावली. शकुबाई सगळ्यांची बटणं दाबत बसल्या. पाचवीचं निघालं, एका अंगठ्यानं. तिला गाडीतला बेल्टही पुरला. ती सगळ्यात देखणी नव्हती, रंग मातकट होता. तीच घेतली.

सीट डाव्या बाजूला, मागं बसवली. तिला जागा व्हावी म्हणून पुढची डावी सीट इतकी पुढं सरकवावी लागली, की तिथं माणूस बसू शकत नाही. शकुबाई मागं, लेकराजवळ बसतात. नानाजी पुढं एकटे, पूर्वीसारखेच.

पहिला प्रवास वाईट झाला. चंद्रपूर सुटल्यापासून दिव्यानीनं जो सूर लावला तो मूलपर्यंत. पट्ट्यात अंग वाकडं करून ती रडत होती, खोकत होती, लाळ गळत होती. शकुबाईंनाही रडू फुटलं. "काहाडा तिले. कसाई आहे तुमी. पाच मिनिटं घेतो मी." नानाजींनी काढलं नाही. तिला काढायचं तर गाडी थांबवूनच, असं ते म्हणत राहिले. मूलला टपरीजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि शकुबाईंनी आपल्या अंगठ्यानं बटण दाबून तिला बाहेर घेतलं, पाणी पाजलं.

पुन्हा बसवताना तिनं गाव गोळा केलं. एक माणूस हातावर खर्रा चोळत जवळ आला.

"काऊन बांधून राह्यले जी लेकराले? आजीची मांडी नाई का?"

शकुबाईंनी पट्टे ओढले, त्यांच्याखाली बोट घालून पाहिलं, मंजुषानं शिकवलं होतं तसं, आणि मान वर न करता म्हणाल्या, "आहे. पन थे मांडी आहे, भाऊ. सीट नोहे." माणूस हसला आणि तिथंच, मागच्या चाकावर पिचकारी मारली. नानाजींनी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून चाक धुतलं.  सिंदेवाहीच्या पुढं पोरगी झोपली आणि कुरखेड्यापर्यंत उठली नाही.

तिसऱ्या खेपेला ती स्वतः चढून बसायला लागली.

ऑगस्टमध्ये हेमराजचा फोटो आला. त्याच्या मोठ्या गाडीत नवी कोरी सीट, प्लास्टिकची पन्नीसुद्धा काढली नव्हती. खाली लिहिलं होतं: काकाजी, नवीन आणली. बरोबर लागली का पाहून सांगा.

नानाजींनी फोटो मोठा करून पाहिला. बेल्ट चुकीच्या खाचेतून घातला होता. सीट जोराच्या ब्रेकला पुढं उलटली असती. त्यांनी फोन उपडा ठेवला. शकुबाईंनी विचारलं, काय आहे, तर म्हणाले काही नाही. रात्री जेवताना त्यांनी पुन्हा फोटो काढून पाहिला.

"लिहून सांगा ना," शकुबाई म्हणाल्या.

"त्याले लिहून समजत नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच निघाले. अकराच्या सुमारास मोहर्लीला पोचले. हेमराज धावत आला, पाया पडायला वाकला. नानाजी बाजूला झाले आणि थेट त्याच्या गाडीत शिरले. त्यांनी बेल्ट सोडला, बरोबर खाचेतून ओवला, सीटवर गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि बेल्ट ओढला. मग दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. हलली नाही. नंतर सगळं सोडून टाकलं.

"आता तू लाव."

हेमराजनं लावलं. चुकलं. नानाजींनी सोडलं. तिसऱ्यांदा बरोबर लागलं, तरी त्यांनी आणखी दोनदा लावायला लावलं. हेमराजचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याच्या बायकोनं चहा आणला, कप गाडीच्या टपावर ठेवला. तो तसाच राहिला.

"काकाजी, अजून राग आहे का जी?" त्यानं विचारलं.

नानाजी पन्नीचे तुकडे गोळा करत होते. लेकरं तोंडात घालतात म्हणून. "राग नाई," ते म्हणाले. "किळस येते मले अजून. जाईन तवा जाईन. अपघात झाला का सीट फेकाची, हे ध्यानात ठेव."

तुकडे त्यांनी खिशात घातले आणि ते परत निघाले.